तारामाशांची हजेरी: ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर आजार कसा मोजायचा

गुहागरला आमच्या घरी दिनदर्शिका भिंतीवर असायची, पण आजोबा तिच्यात फक्त तिथी बघायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तेवढा हिशोब तोंडी करून ते आम्हा मुलांना सांगायचे, आता जा खडपावर, पाणी उतरलंय. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यातल्या बीव्हर्टनला येऊन मला आता सतरा वर्षं झाली. एप्रिल ते ऑगस्ट दर महिन्याला एकदा मी पहाटे साडेचारला गाडी काढते आणि हायवे २६ ने डोंगर ओलांडून कॅनन बीचच्या बाजूला ओहोटी गाठते. तिथे खडकाचा एक तुकडा मी नेमून घेतला आहे. त्यावर तारामासे किती, केवढे आणि त्यांतले आजारी किती, हे मी लिहून आणते.

सिअ‍ॅटलपासून खाली कॅलिफोर्नियापर्यंत आपली माणसं भरपूर आहेत आणि सुट्टीत सगळेच समुद्रावर जातात. त्यांतल्या दोन-चार घरांनी जरी अशी मोजणी धरली तरी या प्राण्यांसाठी ते फार मोलाचं होईल, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी हा आजार काय आहे ते

जून २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक नॅशनल पार्कच्या किनाऱ्यावर नेहमीची मोजणी करणाऱ्या लोकांना काही तारामासे विचित्र दिसले. अंगावर पांढरे व्रण, हात पिळवटलेले, काहींचे हात गळून पडलेले. त्याच उन्हाळ्यात कॅनडात व्हँकुव्हरच्या आसपास पाणबुड्यांना समुद्रतळावर सूर्यफूल तारे विरघळल्यासारखे पडलेले सापडले. ऑरेगॉनमध्ये एप्रिल २०१४ पर्यंत जवळजवळ काही नव्हतं, आणि जूनपर्यंत खडकच्या खडक आजारी झाले. अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत वीसहून जास्त जाती यात सापडल्या. समुद्रातल्या प्राण्यांची एवढी मोठी साथ क्वचितच कुणी पाहिली असेल.

सगळ्यात जास्त मारला गेला तो सूर्यफूल तारा. वीसच्या वर, कधी चोवीस हात, आणि टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ एक मीटर. या जातीतले अंदाजे ९० टक्के जीव गेले, म्हणजे पाच अब्जांच्या वर. डिसेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं. हा तारा जांभळे सी अर्चिन, म्हणजे समुद्रातले गोल काटेरी प्राणी, खातो. तो गेला आणि त्याच काळात पाणीही तापलं. अर्चिन माजले, त्यांनी केल्पची, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाची, जंगलं चरून टाकली आणि उत्तर कॅलिफोर्नियात नव्वद टक्क्यांहून जास्त केल्प नाहीसं झालं.

कारण शोधायला बारा वर्षं लागली. २०१४ मध्ये एका विषाणूवर संशय होता, पण पुढच्या तपासात तो टिकला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हकाई इन्स्टिट्यूट आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या मेलनी प्रेंटिस, अलिसा गेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा नावाचा जिवाणू दोषी असल्याचं दाखवलं. आजारी ताऱ्याच्या शरीरातला द्रव निरोगी ताऱ्यात टोचला की तो आजारी पडे. तोच द्रव तापवून किंवा गाळून टोचला की काही होत नसे. इतका स्वच्छ पुरावा बघून मला त्या दिवशी फार बरं वाटलं. मात्र हा पुरावा सूर्यफूल ताऱ्यावरचा आहे. खडकावर आपण मोजतो त्या ऑकर ताऱ्याला तो जसाच्या तसा लावू नका. किनाऱ्यावर उभं राहून आपण जिवाणू ओळखत नसतो, आपण लक्षणं नोंदवतो. वहीतही ‘आजाराची लक्षणं’ असंच लिहा.

ऑकर तारा: आपला मुख्य पाहुणा

भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तुम्हाला सगळ्यात जास्त दिसेल तो ऑकर तारा, म्हणजे पिसास्टर ओक्रेशियस. रंग जांभळा, नारिंगी किंवा विटकरी, बहुतेक वेळा पाच हात, पाठीवर पांढऱ्या बारीक काट्यांची जाळी. तो शिनाण्यांवर, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांवर, जगतो. कोकणातली हिरवी शिनाणी डोळ्यांपुढे आणा आणि ती काळी-निळी करून खडकभर खच्चून बसवा, तशी इथली दिसतात.

रॉबर्ट पेन नावाच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाने १९६३ पासून माकाह बेवर एका खडकाच्या तुकड्यावरचे सगळे ऑकर तारे उचलून समुद्रात फेकायला सुरुवात केली. बघता बघता शिनाण्यांनी जागा व्यापली आणि तिथल्या पंधरा जातींपैकी आठच उरल्या. कमानीतला कळीचा दगड काढला की कमान ढासळते, तसं. जीवशास्त्रातली ‘कीस्टोन’ जातीची कल्पना याच प्राण्यावरून आली. म्हणून ऑकर तारे मोजणं हे एका परीने अख्ख्या खडकाची नाडी बघणं आहे.

इतरही भेटतील. लेदर तारा गुळगुळीत असतो आणि त्याला लसणीसारखा वास येतो. लालभडक आणि सडपातळ तो ब्लड तारा. सहा हातांचा, रुपयाएवढा तो लेप्टास्टेरियस. बॅट ताऱ्याच्या हातांमध्ये बदकाच्या पायासारखा पडदा असतो. पहिल्या वर्षी फक्त ऑकर तारा धरा आणि बाकीच्यांचा नुसता आकडा लिहा. सगळं एकदम करायला गेलात तर काहीच धड होत नाही.

दिवस आणि वेळ

आजोबांचा पाऊणपटीचा हिशोब इथे चालत नाही. या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक बेताची, एक खोल. आपल्याला खोल हवी. दिनदर्शिकेचा उपयोग आठवडा निवडण्यापुरता होतो: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे बेताची भरती-ओहोटी, हे इथेही खरंच आहे. नेमकी वेळ मात्र नोआ या सरकारी संस्थेच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून जवळच्या स्थानकाची घ्या. तक्त्यात उंची फुटांत असते आणि शून्य म्हणजे रोजच्या खोल ओहोटीची सरासरी पातळी. मला उणे एक फूट किंवा त्याहून खाली असलेला दिवस लागतो.

वसंतात आणि उन्हाळ्यात बाहेरच्या किनाऱ्यावर ही खोल ओहोटी सकाळी येते, हिवाळ्यात संध्याकाळी अंधार पडल्यावर. हिवाळ्यात मी एकच फेरी करते, कपाळावर दिवा बांधून, आणि कधीही एकटी नाही. तक्त्यात उणे दीड लिहिलेलं असलं तरी लाटा मोठ्या असतील तर खालचा भाग उघडाच पडत नाही, म्हणून आदल्या रात्री लाटांचा अंदाज बघा. दहा फुटांच्या लाटा सांगितल्या असतील तर मी जातच नाही. फेरी चुकली तर ‘गेलो नाही, लाटा’ असं त्या तारखेला लिहून ठेवते.

ओहोटीच्या दीड तास आधी खडकावर पोचा. पाणी उतरेल तसे वरून खाली या. सगळ्यात खालचा भाग ओहोटीच्या अलीकडे-पलीकडे पंधरा-पंधरा मिनिटांत करा आणि तिथून निघा. घड्याळाला गजर लावा. ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर अचानक एखादी लाट इतरांपेक्षा कितीतरी वर चढते आणि माणसाला ओढून नेते. दर वर्षी इशारे लागतात. समुद्राकडे पाठ करायची नाही, हे आम्हाला लहानपणी जसं बजावलं होतं तसंच मी इथल्या मुलांना बजावते. दोघं असाल तर एकाची नजर कायम पाण्यावर.

जागा नेमणं

सगळ्यात जास्त विचार इथे करा, कारण जागा एकदा ठरली की ती बदलायची नाही.

कॅनन बीचचा हेस्टॅक रॉक हा मोठा खडक बघायला जरूर जा. माझे पहिले तारामासे तिथलेच. पण तिथे उन्हाळ्यात तुडुंब गर्दी असते, आणि ती संरक्षित जागा आहे: काहीही उचलायचं नाही, खडकावर चढायचं नाही. तिथे स्वयंसेवक असतात, त्यांच्याकडून जाती ओळखायला शिका. स्वतःच्या मोजणीसाठी कमी पायदळी पडणारी जागा शोधा. ऑरेगॉनचे किनारे १९६७ च्या कायद्याने सगळ्यांसाठी खुले आहेत, तरी त्या-त्या जागेचे नियम वेगळे असतात. तिथली देखभाल करणाऱ्यांना आधी विचारा आणि त्यांच्याकडे आधीच कुणाची मोजणी चालू असेल तर त्यांच्यातच सामील व्हा. माझा तुकडा कुठे आहे ते मी इथे लिहीत नाही. खडकावर पडणारं प्रत्येक पाऊल काहीतरी चिरडतं, त्याला आणखी पावलं नकोत.

शास्त्रज्ञ खडकात बोल्ट ठोकून सीमा पक्क्या करतात. आपल्याला ती परवानगी नसते. मी काय करते ते सांगते. माझा तुकडा साधारण दहा मीटर लांब आणि दोन-तीन मीटर रुंद आहे. त्याच्या चारही कडा न हलणाऱ्या गोष्टींना बांधल्या आहेत: एक मोठी भेग, एक पांढरी गारगोटीची शीर, एका कोपऱ्यावर खुर्चीएवढा उंचवटा. प्रत्येक कडेचा फोटो काढून, त्यावर रेघ ओढून, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बरोबर नेते. तुकड्याचे पाच भाग केले आहेत आणि माझ्या मुलीने त्यांना नावं दिली: पोळपाट, उंबरठा, देव्हारा, घळ आणि माळा. पोळपाट सपाट आहे, देव्हारा म्हणजे एक कोनाडा, ज्यात तारे एकमेकांवर चढून बसतात. नावं असली की ओरडून सांगताना गोंधळ होत नाही आणि एकदा मोजलेला तारा पुन्हा मोजला जात नाही.

जागा निवडताना एक मोह टाळा. जिथे आज आजारी तारे दिसतात तिथेच तुकडा आखावासा वाटतो. तसं करू नका. तारे भरपूर आहेत आणि पाय ठेवायला सुरक्षित आहे, एवढंच बघा. आजार आला तर येईल. आला नाही तर ते कळणंही तितकंच महत्त्वाचं.

बरोबर काय न्यायचं

पाण्यात न भिजणारा कागद आणि शिसपेन्सिल. पेन चालत नाही, ओल्या हाताला शाई फासते. प्लॅस्टिकची फूटपट्टी, शून्य अगदी टोकापासून सुरू होणारी; तशी मिळाली नाही तर पुढचा कोरा तुकडा कापून टाका. भेगांमध्ये बघायला छोटी बॅटरी. पाण्याचं तापमान घ्यायला साधा थर्मामीटर, दोरी बांधलेला. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. गरम पाण्याची बाटली आणि पोळीची गुंडाळी, कारण जूनमध्येसुद्धा पहाटे हात गोठतात आणि गोठलेल्या हाताने अक्षर वाचता येत नाही.

बूट आणि पट्टी घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवते. एकाच दिवशी दोन किनारे करत नाही. आजार आपल्या बुटांवरून दुसरीकडे जाऊ नये म्हणून एवढं आपल्या हातात आहे.

मोजणी

एक जण बघतो, एक जण लिहितो. बघणारा तीन शब्द बोलतो: जात, माप, लक्षण. ‘ऑकर, ऐंशी, शून्य.’ लिहिणारा तेच परत म्हणतो आणि मगच लिहितो. वाऱ्यात आणि लाटांच्या आवाजात ‘साठ’ आणि ‘आठ’ एकसारखे ऐकू येतात, म्हणून परत म्हणणं सोडू नका.

माप मधल्या चकतीच्या केंद्रापासून सगळ्यात लांब हाताच्या टोकापर्यंत, मिलिमीटरमध्ये, जवळच्या दहाला पूर्ण करून. म्हणजे ७६ असेल तर ८०. हात वळलेला असेल तर पट्टी वळणाजवळून न्या. ताऱ्याला खडकावरून सोडवू नका. खाली शेकडो नळीसारखे पाय चिकटलेले असतात आणि ओढलं की ते तुटतात. फोटोसाठी तारे उपटून मुलांच्या हातात देणारे पालक मी दर उन्हाळ्यात बघते आणि दर वेळी जाऊन सांगते. भेगेत खोल असेल तर अंदाजाने माप सांगा आणि शेजारी ‘अं’ लिहा.

माप कशाला, असं बरेच जण विचारतात. २०१४ च्या साथीनंतर ऑरेगॉनच्या बऱ्याच खडकांवर पिल्लं प्रचंड संख्येने आली. नुसती संख्या बघणाऱ्याला वाटलं असतं की सगळं सावरलं. पण दीडशे मिलिमीटरचा तारा जेवढी शिनाणी खातो त्याच्या जवळपासही वीस मिलिमीटरचं पिल्लू जात नाही. मोठे किती आणि छोटे किती हे कळल्याशिवाय संख्येला अर्थ नाही. आणि पिल्लं शोधायला वाकावंच लागतं: शिनाण्यांच्या फटीत, शेवाळाखाली, देव्हाऱ्याच्या आतल्या छतावर. शेवाळ हाताने बाजूला करा, उपटू नका. दगड उलटवू नका.

लक्षणांसाठी मी शून्य ते चार अशी पायरी वापरते, इथल्या मोठ्या मोजणीत असते तशीच:

शून्य: निरोगी.
एक: फक्त एका हातावर किंवा फक्त चकतीवर व्रण.
दोन: दोन हातांवर, किंवा एक हात आणि चकती दोन्हींवर व्रण.
तीन: अंगाच्या बऱ्याच भागावर व्रण, किंवा एक-दोन हात गळलेले.
चार: अंग विरघळत चाललेलं, किंवा तीन अथवा जास्त हात गळलेले.

शंका असली तर प्रश्नचिन्ह आणि फोटो. शंकेचा तारा आजाऱ्यांत मिळवायचा नाही, निरोग्यांतही नाही. त्याचा रकाना वेगळा.

जे आजारासारखं दिसतं पण नसतं

माझी पुण्याची मैत्रीण पहिल्यांदा आली तेव्हा तिने पहिल्या दहा मिनिटांत सोळा आजारी तारे मोजले. मी जाऊन बघितलं तर सोळाच्या सोळा ठणठणीत. तिने बघितली होती ती पाठीवरची टिकली. प्रत्येक ऑकर ताऱ्याच्या चकतीवर, मध्यापासून जरा बाजूला, एक फिकट गोल ठिपका असतो. ती चाळणी आहे, तिच्यातून समुद्राचं पाणी आत जातं आणि त्या पाण्याच्या दाबावर तो पाय हलवतो. एकच, गोल, कडा नेटक्या, नेहमी चकतीवर. व्रण वेडावाकडा असतो, कडा विरलेल्या, आणि त्या जागी काट्यांची जाळी फाटलेली किंवा नाहीशी झालेली दिसते, आतलं पांढरं मऊ मांस दिसतं.

हात नसणं हे आजाराचंच लक्षण असं नाही. सीगल तारे खातात. जुनी जखम भरलेली असते आणि तिथून बोटाएवढा नवा हात फुटत असतो. तो तारा शून्यच. आजाराने गळलेल्या हाताची जागा ओली, चिंध्या झालेली, कधी आतले अवयव बाहेर आलेले अशी असते. गळलेला हात शेजारी पडलेला सापडला तर फोटो घ्या, पण त्याला वेगळा तारा मोजू नका.

ऊन पडल्यावर उघड्या खडकावरचा तारा ढिला पडतो, हात लोंबतात. शिनाणं खाणारा तारा कुबड काढून बसतो आणि पोट बाहेर काढलेलं असतं, ते पांढरट दिसून घाबरायला होतं. दोन्ही निरोगी. माझा नियम असा: नुसत्या बसण्याच्या ढबीवरून आजारी म्हणायचं नाही. हात पिळवटलेले आणि अंग हवा गेलेल्या फुग्यासारखं चपटं, तेही पाण्यात किंवा सावलीत असताना, आणि जोडीला व्रण किंवा सुटलेली पकड असेल, तर ते आजाराचं चित्र. असा तारा खडकाला एका हाताच्या टोकाने लटकलेला दिसतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी लिहायची थांबले होते. जांभळा, तळहाताएवढा, आणि दोन हात विरुद्ध दिशांना चालू लागलेले, जणू अंग सोडून जायचंय. मुलगी म्हणाली, आई, आकडा सांग. ‘ऑकर, शंभर, तीन.’

आजारी ताऱ्याला हात लावू नका, बाजूला हलवू नका, घरी आणू नका. फोटो दोन घ्या: एक पूर्ण तारा शेजारी पट्टी ठेवून, एक व्रणाचा जवळून.

वहीतला हिशोब

पहिल्या वर्षी मी फक्त आजारी ताऱ्यांचे फोटो काढून आणले. ढीगभर. मोजणी करणाऱ्या एका अनुभवी बाईंनी ते शांतपणे बघितले आणि विचारलं, निरोगी किती होते? मला सांगता आलं नाही. तो उन्हाळा वाया गेला याचं वाईट अजून वाटतं. निरोगी तारा मोजायला कंटाळा येतो, पण त्यांच्याशिवाय आजाऱ्यांचा आकडा हवेत लटकतो. २०१३ मध्ये साथ लगेच लक्षात आली ती याचमुळे: ‘मरीन’ नावाच्या, अनेक संस्थांनी मिळून चालवलेल्या जाळ्यातले लोक वर्षानुवर्षं त्याच खडकांवर निरोगी तारे मोजत आले होते.

आजाऱ्यांना एकूणाने भागून शंभरने गुणा, की टक्के मिळतात. समजा मेमध्ये तुम्ही १४३ तारे मोजले, ११ आजारी: ७.७ टक्के. जूनमध्ये ६१ मोजले, ४ आजारी: ६.६ टक्के. टक्के उतरले म्हणून आजार ओसरतोय असं वाटेल. पण ८२ तारे गेले कुठे? हा आजार काही दिवसांत तारा संपवतो. लाटा उरलेलं धुऊन नेतात आणि महिन्याने तुम्ही येता तेव्हा फक्त वाचलेले आणि नुकतेच आजारी पडलेले दिसतात. म्हणून मी टक्क्यांच्या आधी एकूण आकडा बघते, आणि तोही मोठे आणि छोटे वेगळे करून. एकूण अचानक खाली आला तर पुढच्याच उधाणाला, दोन आठवड्यांनी, परत जाते.

अर्थात संख्या कमी होण्याची दुसरीही कारणं असतात. हिवाळ्यात तारे खाली पाण्यात सरकतात. एखाद्या दिवशी लाटांमुळे घळ बघताच येत नाही. म्हणून प्रत्येक कागदावर वर हे लिहा: तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, तक्त्यातली ओहोटीची उंची, लाटा, पाण्याचं तापमान, कोण बघतंय, कोण लिहितंय, आणि पाच भागांपैकी कोणता भाग पूर्ण झाला नाही. तापमान घ्या, पण त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. सूर्यफूल ताऱ्यांचे मृत्यू बऱ्याच ठिकाणी गरम पाण्याबरोबर वाढले होते, आणि तरी ऑरेगॉनच्या खडकांवर २०१४ ची साथ पाणी फारसं तापलेलं नसतानाच पसरली.

जिथे बघितलं आणि तारा नव्हता तिथे शून्य लिहा. जिथे बघितलंच नाही तिथे आडवी रेघ. कोरं काहीही ठेवू नका. तीन वर्षांनी कोऱ्या चौकटीचा अर्थ तुम्हाला स्वतःलाच लागणार नाही.

त्याच संध्याकाळी आकडे संगणकावर चढवा. मी जेवायच्या आधी करते. मूळ कागद वाळवून फाईलमध्ये ठेवा. फोटोंना तारीख, भागाचं नाव आणि क्रमांक द्या: ‘देव्हारा ३’ असं. मग नोंद पाठवा. सांता क्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून चालणारं ‘मरीन’चं तारामाशांच्या आजाराचं काम सामान्य लोकांच्या नोंदीही घेतं, आणि निरोगी ताऱ्यांच्या नोंदीही त्यांना हव्या असतात. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरही टाका, तिथे जात चुकली असेल तर कुणीतरी दुरुस्त करतं. आजार एकदम वाढलेला दिसला तर महिनाअखेरीची वाट न बघता त्याच दिवशी कळवा.

एक रकाना आणखी

माझ्या कागदाच्या तळाशी सूर्यफूल ताऱ्याचा रकाना आहे. ऑरेगॉनमध्ये तो आता अतिशय क्वचित दिसतो. तो ओहोटीच्या अगदी खालच्या रेषेजवळ, पाण्याखालच्या डबक्यात असू शकतो. अंग मऊ, हात खूप, आणि चालणं इतकं वेगाचं की उभ्या उभ्या हलताना दिसतो. पिल्लाला हात कमी असतात, पाच-सहापासून सुरुवात होऊन ते वाढत जातात, त्यामुळे पिल्लू ओळखायला चुकू शकतं. तसं काही दिसलं तर बाकीची मोजणी थांबवून आधी फोटो, जागा आणि वेळ टिपा, आणि त्याच दिवशी कळवा.

आम्ही प्रत्येक फेरीत सगळ्यात शेवटी, पाणी परत चढू लागतं तेव्हा, घळीच्या टोकाशी उभं राहून त्याच्यासाठी पाच मिनिटं बघतो. मुलगी पेन्सिल धरून थांबते. मग मी ‘सूर्यफूल, शून्य’ म्हणते, ती ते परत म्हणते आणि लिहिते.